सदतीस नंबरचा सोनचाफा

कडोलकर शेठच्या आईचं झाड मेलं होतं आणि शेठ परवा येणार होते.

आम्ही तिघं त्या झाडाभोवती उभे होतो. सरपंच हिंदुआबा पिसाळ, मी, आणि काखेत घागर घेतलेली हौसाक्का. आबांनी त्या काटकीला बोटानं जरा ढोसलं तर ती मुळासकट कलली. शेजारची पाटी मात्र ठणठणीत होती. बारा नंबर, सोनचाफा, कै. द्वारकाबाई कडोलकर यांच्या स्मरणार्थ.

“हे कधी गेलं?” आबांनी विचारलं.

“दोन उन्हाळं झालं,” हौसाक्का म्हणाली. “सांगितलं हुतं की मी तवाच.”

सांगितलं होतं ते मलाच. मी ते वहीत टिपलं होतं आणि वही कपाटात ठेवली होती. ग्रामपंचायतीत एखादी गोष्ट टिपून ठेवली की ती केल्यासारखीच वाटते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, शेरेवाडी ग्रामपंचायतीची क्लार्क. वडील त्या खुर्चीवर असतानाच वारले म्हणून खुर्ची मला मिळाली, आणि खुर्चीबरोबर आबासुद्धा मिळाले. ते वडिलांचे दोस्त. त्यामुळे मला मॅडमबिडम म्हणायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. कुंदा, हे लिही. कुंदा, ते पुस. असं आमचं चालायचं.

चार वर्षांपूर्वी गावच्या गायरानात, टेकडीच्या उतारावर, आम्ही स्मृतिवन केलं होतं. कल्पना आबांचीच. गाव सोडून गेलेल्या, बरं चाललेल्या लोकांनी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं देणगी द्यायची आणि ग्रामपंचायतीनं त्या नावाचं झाड लावून जगवायचं. कल्पनेत खोट काही नव्हती. खोट एवढीच झाली की झाड कोणतं हवं, ते आबांनी देणगीदारांना विचारलं. मग काय, ज्यानं त्यानं आपापल्या मेलेल्या माणसाची आवड कळवली. ज्या मुरमाड उतारावर बोरीबाभळीसुद्धा नाइलाजानं उगवतात, तिथं कुणाच्या काकांसाठी नारळ आला, कुणाच्या आत्यासाठी पारिजातक. एका निवृत्त मामलेदारांच्या स्मरणार्थ तर सफरचंदाचं रोप आलं. ते आठवडाभर टिकलं. मामलेदारही फार दिवस अंथरुणावर नव्हते म्हणतात.

सोनचाफे सहा आले होते. पाच गेले. सहावा, सदतीस नंबरचा, उताराच्या पार खालच्या टोकाला होता आणि त्याची तब्येत बघून कुणालाही आपण दुसऱ्याच गावात आलो की काय असं वाटलं असतं. डोक्याच्या वर हातभर गेलेला, पानं तुकतुकीत, आणि त्या कोरड्या चाललेल्या श्रावणात अंगभर पिवळी फुलं. पाटी होती कै. गोविंद पोंक्षे मास्तरांची. ठाण्याच्या त्यांच्या पुतणीनं देणगी पाठवली होती, पण झाड बघायला त्यांच्याकडचं कुणी एकदाही फिरकलं नव्हतं.

आबांची नजर तिकडे गेली तेव्हाच मला कळलं.

“कुंदा, पाटी उचल,” ते म्हणाले. “बाराची सदतीसला लाव. पोंक्षे मास्तरांना इथं आण. मास्तर गरीब माणूस होता, काही म्हणायचा नाही.”

हौसाक्कानं घागर खाली ठेवली. ही बाई स्मृतिवन सुरू झाल्या दिवसापासून तिथं होती. खड्डे खणायला मजुरीवर आली, मग पाणी घालायला राहिली. टेकडीच्या पायथ्याच्या टाकीतून घागरी भरायच्या आणि वर न्यायच्या. पन्नाशीची असेल, वाळकी, कमी बोलणारी. चार वर्षांत तिनं आबांना कशाला नको म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“त्या झाडाला नगा लावू, आबा,” ती म्हणाली.

“का गं? मास्तर काय तुझा पाव्हणा लागतो?”

“न्हाई. पर ते ऱ्हाऊ द्या हाय तसं.”

आबा हसले. म्हणाले, झाडाला काय कळतं त्याच्याशेजारी कुणाचं नाव आहे ते. पाटी लोखंडी गजाला जोडलेली होती, उपटायची आणि दुसरीकडे रोवायची, दोन मिनिटांचं काम. ते मी केलं. हौसाक्का माझ्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऑफिसात आली. तशी ती कधी येत नसे; आली तरी उंबऱ्याच्या बाहेर उभी राही. त्या दिवशी आत येऊन माझ्या टेबलाशेजारी फरशीवर बसली. आबा तालुक्याला गेले होते. शिपाई जेवायला गेला होता. ते बघूनच ती आली होती.

“कुनाला सांगनार न्हाईसा?” तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. माणूस असं पटकन नाही म्हणतो, आणि मग तो शब्द जन्मभर वाहतो.

तिच्या मुलीचं, शालनचं, मला ठाऊक होतं. म्हणजे गावाला ठाऊक होतं तेवढं. कुसूरला दिली होती, घाटाखाली, तीन तासांच्या अंतरावर. दोन वर्षं नांदली. एकोणिसाव्या वर्षी पाणी शेंदताना विहिरीत पडली, असा सासरचा निरोप आला. हौसाक्का आणि तिचा मालक पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिलेली लेक ती, तिचं जे काही करायचं ते सासरनं. आईबापानं रडायचं आणि परत यायचं. हे स्मृतिवनाचे खड्डे खणले त्याच आठवड्यात झालं होतं. चार दिवस हौसाक्का कामावर आली नव्हती, तेही मी वहीत टिपलं होतं.

पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा मालक दुसऱ्याच दिवशी माघारी आला, ती मात्र तिथंच एका लांबच्या नात्यातल्या बाईकडे राहिली. तिसऱ्या दिवशी पुरुष सावडायला गेले. राख भरून घेऊन ते नदीकडे वळल्यावर ही एकटी मसणवट्यात शिरली. बाईमाणसानं जायचं नसतं तिथं. जमिनीवर जे काही उरलं होतं ते तिनं हातानं गोळा केलं, पदरात बांधलं आणि एसटीत बसून मांडीवर घेऊन गावी आणलं. घरी मालक दारात आडवा झाला. दिल्या लेकीचं असलं काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही म्हणाला. नदी तिला नको होती. पाण्यानंच नेली तिला, आता परत पाण्यात कशी टाकू, असं ती मला म्हणाली. मग ती तशीच टेकडीवर गेली. शंभर खड्डे उघडे पडले होते. त्यातला एक तिनं स्वतः खणलेला होता.

“त्यात ठिवली,” ती म्हणाली. “वरनं माती लोटली. चार दिसांनी तुमी रोप लावलं त्यात. म्या म्हनलं, बरं झालं. माहेरी आली.”

मी तिच्याकडे बघू शकले नाही. समोर हजेरीपत्रक होतं, तेच बघत राहिले. चार वर्षं ही बाई शंभर झाडांना पाणी घालत होती आणि रोज शेवटची घागर घेऊन खालच्या टोकाला जात होती. आम्हाला वाटायचं, तिथली जमीन बरी असेल.

“पाटीचं काय न्हाई,” ती म्हणाली. “पयली पन दुसऱ्याच्याच नावाची हुती. पर त्या मास्तरांचं कुनी येत न्हवतं. ह्यो शेठ येनार. येनाऱ्या मानसाचं भ्या वाटतं मला.”

मी म्हटलं, येईल, नमस्कार करील, फोटो काढील, जाईल. मला तसंच वाटत होतं.

शेठ आले ते पांढऱ्या गाडीतून, एकटेच, ड्रायव्हर तेवढा बरोबर. शेठचे यंत्रमाग आहेत एवढंच ऐकून मी मनात एक माजोरडा गिरणीवाला रंगवून ठेवला होता. गाडीतून उतरला तो एक जाडा, दमेकरी, साठीकडे झुकलेला माणूस. टेकडीच्या पायथ्याशीच त्यानं चपला काढल्या आणि खडे टोचत असतानाही तसाच चालत आला. शेरेवाडी हे त्याच्या आईचं माहेर. इथं कुणी उरलं नव्हतं, घरसुद्धा पडून गेलं होतं. शेवटच्या आजारपणात आई सारखी मला गावाला ने म्हणत होती आणि यंत्रमागाच्या कामातून सवड काढू काढू म्हणता ती गेली. हे सगळं त्यानं चालता चालता मला सांगितलं, मी काही न विचारता.

सदतीस नंबरपाशी, म्हणजे आता बारा नंबरपाशी, तो थांबला. एक फूल खाली पडलं होतं ते त्यानं उचललं आणि तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस खांदे हलवून रडतोय म्हटल्यावर आबांनीसुद्धा टोपी काढून हातात घेतली. आपण काय करून बसलोय ते त्या क्षणी मला पुरतं कळलं. खोटं बोललो याचं वाईट वाटणं वेगळं, आणि त्या खोट्यावर माणूस असा विसावलेला बघणं वेगळं.

“आई रोज एक चाफा अंबाड्यात घालायची,” तो म्हणाला. “पाणी कोण घालतं याला?”

आबांनी हौसाक्काला पुढे केलं. शेठनं तिला वाकून नमस्कार केला. ती गडबडून मागे सरली.

“माझ्या आईला तुम्ही सांभाळलंत,” तो म्हणाला. “मला ते जमलं नाही.”

हौसाक्कानं नुसती मान हलवली. नंतर ती मला म्हणाली, मानूस चांगला हाय. तिचा जीव जरा खाली पडला होता. माझाही.

आठ दिवसांनी ऑफिसातला फोन वाजला. बोलणं आबांशी झालं, मला एकच बाजू ऐकू येत होती. आबा आधी हो हो म्हणत होते, मग एकदम उठून उभे राहिले. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गावाला धरण मंजूर झालंय.

शेठला रात्रंदिवस ते झाड दिसत होतं. त्यांनी नवा बंगला बांधला होता, दिवाळीआधी वास्तुशांत होती, आणि आईचं झाड दारात असावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांचा माळी म्हणत होता, पावसाळा आहे, मुळाभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचललं तर लागतं. ते माणसं आणि यंत्र घेऊन येणार होते. आणि स्मृतिवनातल्या बाकीच्या झाडांना विहिरीपासून टेकडीपर्यंत पाइपलाइन करून देणार होते.

“एक झाड जाईल, बाकीची सगळी जगतील,” आबा म्हणाले. “हौसाच्या कमरेचंसुद्धा भलं होईल. आता यात कुणाचं वाईट आहे का, सांग.”

मी म्हटलं, सार्वजनिक जागेतलं झाड आहे, असं कुणाला उचलून देता येत नाही. आबा म्हणाले, म्हणूनच ठराव करायचा. मी म्हटलं, तालुक्याची परवानगी लागेल. ते म्हणाले, अर्ज तू लिही, सही मी करतो, तालुक्याचं मी बघतो. मी म्हटलं, झाड मरेल. आबांनी चष्मा काढला.

“कुंदा, तुला झालंय काय? स्वतःच्या आईचं झाड नेतोय तो.”

पाटी आपणच हलवायला लावली हे आबा सोयीस्कर विसरले होते. स्वतःच्या आईचं नाही, हे बाहेर कुठं बोलायची चोरी. ते ज्यांनी केलं त्यात मी होते. आणि ते बोलले असते तरी शालनचं कुणाला न सांगायची शपथ होती. दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या होत्या, एकीला हात लावला की दुसरी उघडी पडणार. त्या संध्याकाळी मी ठरावाचा मसुदा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणायचे.

टेकडीवर जाऊन हौसाक्काला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. ती आळं नीट करत होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, आळ्याची माती ती तशीच दाबत राहिली.

“तुमी कायतरी करा, कुंदाताई,” ती शेवटी म्हणाली. “तुमी लिवनाऱ्या हायसा. समदं तुमच्या कागदानं हुतंया.”

“माझ्या कागदानं काही होत नाही, अक्का. दुसरे ठरवतात, मी लिहिते.”

तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं, पण खरं तेच होतं. मी म्हटलं, शेठला खरं सांगू या. माणूस चांगला आहे, तुमच्यापुढे वाकला तो. सांगितलं तर नेणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं मी बघते, नोकरी गेली तर गेली.

नोकरी गेली तर गेली हे मी म्हटलं खरं. पण घरात आई होती, धाकटी बहीण होती.

हौसाक्कानं हाताची माती झटकली.

“नगं,” ती म्हणाली. “चांगला हाय म्हनूनच नगं. आपल्या आयच्या फुलात दुसऱ्याच्या लेकीची राख हाय म्हटल्यावर त्याला किळस न्हाई यायची? उपटून टाकंल. गावबी टाकाय लावंल. सुवासिनीची राख, तीबी विहिरीत पडलेलीची. टेकडीवर कोन यायचं न्हाई, समदी झाडं तोडत्याल. आन आमचा मालक मला घरात ठिवायचा न्हाई.” तिनं झाडाकडे पाहिलं. “आता निदान आय म्हनून तरी जपून न्हेईल.”

आजही मी पुष्कळदा मनात तो प्रसंग पुन्हा मांडून पाहते, आबांना एक वाक्य जास्त बोलते, शेठला फोन लावते, पण तिच्या या बोलण्यापाशी आले की माझी गाडी अडते.

फोन मी एकदा खरोखरच लावला होता. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शेठनंच उचलला. मी शेरेवाडीहून बोलतेय म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम उजळला. दारापुढची जागा कशी तयार करून घेतली, काळी माती कुठून आणवली, आईची खोली त्याच बाजूला कशी होती, हे ते सांगत राहिले. मी म्हटलं, साहेब, मोठं झाड हलवलं की कधीकधी जगत नाही. ते म्हणाले, मला कळतंय तुम्हा सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर. त्या बाईंना सांगा, मी डोळ्यांत तेल घालून जपीन. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

ठराव झाला, तालुक्याची परवानगी आली आणि एका गुरुवारी सकाळी शेठ आले. बरोबर एक पिवळं खोदकामाचं यंत्र, एक ट्रक, माळी आणि त्याची चार माणसं. बारा माणसांनी हातानं केलं असतं तर दिवस लागला असता. यंत्राला तासही पुरेसा झाला. चारी बाजूंनी चर खणला, मुळांचा गड्डा गोणपाटात गुंडाळला, सुतळीनं आवळला. माळी चांगला कारागीर होता, मातीचं ढेकूळसुद्धा सुटू देत नव्हता. खड्ड्यातली माती तेवढी संगतीनं घ्या, तिची सवय असते झाडाला, असं तो आपल्या माणसांना बजावत होता. हौसाक्का बाजूला उभी राहून ते ऐकत होती.

गोणपाट बांधून झालं तेव्हा ती पुढे आली. तिच्या हातात ताट होतं. हळदकुंकू, खण, नारळ, मूठभर तांदूळ. घरून ती हे कधी घेऊन निघाली, मालकाला काय सांगितलं, देव जाणे. कुणालाही न विचारता ती त्या झाडापाशी बसली, खोडाला हळदकुंकू लावलं, गोणपाटाच्या दुमडीत खणनारळ ठेवला, तांदूळ घातले. ओटी भरली. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी, पाच वेळा, नीट सावकाश.

यंत्राचा आवाज बंद झाला होता. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. बघायला जमलेल्या अख्ख्या गावाला वाटलं, देणगीदाराच्या आईची एवढी माया. शेठ तर तिच्या शेजारी मातीतच बसले.

“अक्का, तुम्ही माझ्या आईची लेकीसारखी पाठवणी केलीत,” ते म्हणाले.

हौसाक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं.

“तिला सांजच्याला पानी लागतं,” ती म्हणाली. “सकाळी घातलं तरी सांजच्याला येक घागर. ती सवय हाय तिला. आन वरडू नगा तिच्याफुडं कुनी. घाबरती.”

“नाही ओरडणार,” शेठ म्हणाले. त्या माणसानं ते अगदी मनापासून कबूल केलं.

ट्रक टेकडी उतरून गेला. फांद्या मागच्या बाजूनं बाहेर आल्या होत्या, रस्त्यावर दोनचार फुलं पडली. ती कुणी उचलली नाहीत. हौसाक्का त्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिली आणि मी तिच्याजवळ गेले. काहीतरी राहिलं असेल खाली, असं मी म्हटलं. उगाच, बोलायचं म्हणून.

“न्हाई,” ती म्हणाली. “समदी माती न्हेली त्यांनी. चांगली मानसं हैत.”

दिवाळीनंतर फोन आला. मीच घेतला, कारण आबा शेतावर होते. शेठचा आवाज खोल गेलेला. झाड लागलं नव्हतं. आधी पानं गळली, मग शेंडा वाळला. माळ्यानं सगळे उपाय केले. वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून माळ्यानं नर्सरीतून तयार सोनचाफा आणला, आईची पाटी त्यालाच लावली. वाळलेलं झाड आणि माती कामगारांनी बाहेर नेऊन टाकली, कुठं ते त्यांनी विचारलं नव्हतं.

“मला घरच्यांनासुद्धा सांगता आलेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगतोय. गावात बोलू नका. त्या बाईंना तर मुळीच नको, त्यांना सोसायचं नाही.”

मी बोलणार नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार. पाटी दुसऱ्या झाडाला लावली म्हणून त्या माणसाला दोष द्यायचा, तर कुठल्या तोंडानं द्यायचा? मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. शिपायानं विचारलं, काय झालं. म्हटलं, डोकं दुखतंय.

हौसाक्का दर रविवारी बाजाराला जाताना ऑफिसवरून जायची. ऑफिस बंद असायचं, पण माझं घर त्याच्या मागेच होतं. त्या रविवारी ती दारात उभी राहिली.

“तिकडचं काय कळलं का?” तिनं विचारलं.

“कळलं ना,” मी म्हटलं. “शेठचा फोन होता. लागलं झाड. बरं आहे.”

ती मान हलवून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. मी सांगितलं, नवी पालवी फुटलीय. त्याच्या पुढच्या वेळी सांगितलं, संध्याकाळचं पाणी शेठ स्वतः घालतात. मी फार चांगलं खोटं बोलत होते. शेठच्या नातीनं फुलं वेचली, मुंग्या लागल्या होत्या त्या गेल्या, असलं बारीकसारीक मी तयार करून ठेवायची. शनिवारी झोपताना मी उद्याचं ठरवायची. पाइपलाइन झाली, टेकडीवरची झाडं वाढायला लागली, घागरी बंद झाल्या. तरी ती रोज जायचीच. सदतीस नंबरच्या खड्ड्यात आबांनी करंज लावला होता, त्यालाही ती पाणी घालायची. त्याचं काय, ते बी लेकरूच, म्हणायची.

असं आठनऊ महिने चाललं असेल. पुन्हा श्रावणच होता. ती बाजाराची पिशवी घेऊन दारात आली आणि नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, यंदा खूप फुललाय म्हणे, परडी भरून निघतात. ती पायरीवर बसली. तशी ती कधी बसत नसे. मी पाणी दिलं, ते प्यायली, भांडं पालथं घातलं.

“शालन नांदत हुती तवा,” ती म्हणाली, “कुसूरचा येक बांगड्यावाला आपल्या बाजारात यायचा. त्याचं दुकान तिच्या सासरच्या आळीला हुतं. मी दर आइतवारी त्याला इचारायची, आमची शाली कशी हाय. त्यो म्हनायचा, बरी हाय. कवा म्हनायचा, हसली माज्याकडं बघून. कवा म्हनायचा, हिरव्या बांगड्या भरल्या परवा.”

मी उभी होते ती दाराला टेकले.

“ती जायच्या आदल्या आइतवारी बी त्यानं सांगितलं, बरी हाय. त्याला ठावं हुतं समदं. आळीतल्यांना ठावं असतंच की. पर त्यो तरी काय करनार हुता, गरीब मानूस.” तिनं पिशवी उचलली. “माजा राग न्हवता त्याच्यावर. आइतवार आला की पाय तिकडंच वळायचं माजं. बरी हाय म्हनला, की तेवढा आठवडा ती बरी असायची.”

मी पायरीवरचं पालथं भांडं उचललं.

“म्होरल्या आइतवारी बी इचारीन मी,” हौसाक्का म्हणाली. “तुमी असंच सांगत जावा.”